पुण्याचा पैसा, ब्लॅकबर्नचा क्लब : वेंकीजच्या पंधरा वर्षांच्या तुटीचा हिशोब

सिंहगड रस्त्यावरचं 'वेंकटेश्वरा हाउस' पुणेकरांना नवं नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजमधून वाढलेला हा 'वेंकीज' समूह. एक दिवसाची पिल्लं, खाद्य, लसी, प्रक्रिया केलेलं चिकन, असा कुक्कुटपालनाचा जवळजवळ सगळा पसारा त्यांच्या हातात आहे. या समूहाच्या पैशावर २०१० च्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या लँकेशायरचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब चालतो आहे. खेळाडूंचे पगार, मैदानाची निगा, अकादमीतल्या लहान पोरांच्या प्रवासाचा खर्च, कमी पडेल ते सगळं पुण्यातून भागतं.

या व्यवहाराची आपल्याकडे आणि तिकडेही चेष्टाच जास्त झाली. मला तो हिशोब म्हणून वाचण्याजोगा वाटतो. क्लब चालवण्याचं अर्थकारण एरवी लंडन, माद्रिद, मँचेस्टरच्या बड्या नावांवरून समजावलं जातं आणि तिथले आकडे इतके फुगलेले असतात की त्यातून काही हाती लागत नाही. ब्लॅकबर्न हे लाख-सव्वा लाख वस्तीचं, कापडगिरण्या बंद पडलेलं शहर. इथे खर्च कुठून गळतो ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

काय घेतलं, कितीला घेतलं

क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या १२ संस्थापक संघांत हा एक होता. पुढे बरीच वर्षं तो खालच्या विभागांत राहिला. १९९१ मध्ये जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकाने क्लब हाती घेतला, आपल्या खिशातून पैसा ओतला आणि ईवुड पार्क मैदान जवळपास नव्याने बांधलं. केनी डॅल्ग्लिश प्रशिक्षक म्हणून आले, ॲलन शिअरर आला आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्नने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची लीग, जिंकली.

ही गोष्ट परीकथेसारखी सांगितली जाते, पण ताळेबंदात तिचा अर्थ वेगळा निघतो. त्या शहराच्या तिकीटविक्रीतून असा संघ उभा राहणं शक्यच नव्हतं. एका माणसाने फरक भरून काढला म्हणून तो उभा राहिला. वॉकर २००० मध्ये गेले. क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे आला, आणि ट्रस्टला तो कायमचा सांभाळायचा नव्हता. गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं.

१९ नोव्हेंबर २०१० ला वेंकीज लंडन लिमिटेड या कंपनीने क्लबचे जवळजवळ सगळे शेअर २.३ कोटी पौंडांना घेतले. क्लबवरचं सुमारे २ कोटी पौंडांचं कर्जही अंगावर घेतलं. डॉ. रावांच्या कन्या अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू वेंकटेश व बालाजी राव या नव्या मालकांनी, क्लबमुळे आपलं नाव जगभर पोचेल, हा हेतू उघडपणे सांगितला होता.

आता हा भाव पाहा. त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघालाही नुसत्या लीगच्या वाटपातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या पैशातून, सुमारे ४ कोटी पौंड मिळाले. सव्वाशे वर्षांपेक्षा जुना, देशाचं अजिंक्यपद मिळवलेला क्लब स्वतःच्या एका वर्षाच्या टीव्ही-उत्पन्नापेक्षाही कमी किमतीत मिळत होता! कुठल्याही व्यावसायिकाला मोह पडावा असाच भाव. पण वस्तू इतकी स्वस्त का मिळते आहे, हा प्रश्न इथे विचारायला हवा होता. ते उत्पन्न क्लबच्या मालकीचं नव्हतं, क्लब ज्या पायरीवर उभा होता त्या पायरीचं होतं. वीस संघांतले तीन दरवर्षी त्या पायरीवरून खाली उतरतात. वेंकीजने क्लब विकत घेतला आणि पायरी मात्र दरवर्षी नव्याने कमवायची होती.

योगायोग असा की त्याच २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाने आपला महिंद्रा युनायटेड हा संघ बंद केला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ होता तो. महाराष्ट्रातलं एक घराणं फुटबॉलच्या तुटीतून बाहेर पडलं आणि दुसरं त्याच वर्षी तिच्यात उतरलं.

पहिले सहा महिने

माझ्या मते सगळ्यात महाग चुका पहिल्या सहा महिन्यांत झाल्या, आणि त्या वर्षीच्या खात्यात त्यांची किंमत दिसतही नाही.

खरेदीला महिनाही झाला नव्हता. संघ तेराव्या क्रमांकावर होता आणि १३ डिसेंबरला प्रशिक्षक सॅम ॲलरडाइस यांना काढलं गेलं. ॲलरडाइस यांचा खेळ देखणा नव्हता, पण कमी पैशात संघ तगवून ठेवण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि छोट्या क्लबला नेमकं तेच हवं असतं. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन प्रशिक्षकवर्गातले होते. मुख्य प्रशिक्षक म्हणून हे त्यांचं पहिलंच काम. नवीन वर्ष उजाडल्यावर ब्राझीलच्या रोनाल्डिन्योला आणण्याच्या बातम्या आल्या. तो आला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अध्यक्ष जॉन विल्यम्स बाहेर पडले. वॉकरांच्या काळापासून क्लब सांभाळणारे, कुठल्या खेळाडूला किती पगार परवडतो हे बोटांवर सांगू शकणारे ते गृहस्थ होते.

पोल्ट्रीच्या धंद्यात शेड बांधून त्यातला जाणता सुपरवायझर पहिल्याच महिन्यात घालवणं वेंकीजने कधीच केलं नसतं. तिथे पक्ष्यांच्या मरतुकीचा आकडा रोज सकाळी हातात येतो, खाद्यामागे वजन किती वाढलं हे बॅचनिहाय कळतं, चूक पंधरा दिवसांत उघडी पडते. फुटबॉलमध्ये डिसेंबरात केलेल्या चुकीचं बिल पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात येतं.

२०१०-११ ला संघ शेवटच्या दिवशी वाचला. त्या उन्हाळ्यात फिल जोन्स हा अकादमीतला उमदा बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. मायदेशी मात्र तेव्हा कीन यांच्याविरुद्ध मोर्चे निघत होते. ७ मे २०१२ ला ईवुड पार्कवर विगनविरुद्ध ८७ व्या मिनिटाला अल्काराझने हेडरने गोल केला, सामना ०-१ ने गेला आणि ब्लॅकबर्न खाली गेला. त्या दिवशी प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली होती. तो फोटो जगभर फिरला. नाव जगभर पोचावं हा खरेदीमागचा हेतू होता, आणि ते असं पोचलं.

पायरी घसरल्यावर

खालच्या विभागाला चॅम्पियनशिप म्हणतात. तिथे टीव्हीचा पैसा प्रीमियर लीगच्या तुलनेत अगदीच चिमूटभर. धक्का सौम्य व्हावा म्हणून उतरलेल्या संघाला काही वर्षं प्रीमियर लीगकडून 'पॅराशूट'चा पैसा मिळतो. ब्लॅकबर्नला तो चार वर्षं मिळायचा होता. पहिल्या वर्षी सुमारे १.६ कोटी पौंड, पुढे उतरता. ४ कोटींवरून एका उन्हाळ्यात १.६ कोटींवर! खेळाडूंचे करार मात्र तीन-तीन, चार-चार वर्षांचे असतात. खाली गेल्यावर पगार कापायचं कलम करारात आधीच घातलेलं नसेल, तर उत्पन्न निम्म्याहून कमी होतं आणि पगाराचं बिल जिथल्या तिथे राहतं.

अशा वेळी दोनच शहाणे मार्ग असतात. एक, ताबडतोब कात्री लावायची आणि तीन-चार वर्षांत तरुण संघ घेऊन परत चढायचं. दोन, पॅराशूटचा पैसा आहे तोवर पहिल्याच वर्षी जोर लावून वर यायचं. ब्लॅकबर्नने दुसरा मार्ग धरला, पण तोही नीट चालला नाही. ८० लाख पौंड देऊन जॉर्डन ऱ्होड्स या आघाडीच्या खेळाडूला आणलं. हा खर्च मी चुकीचा मानत नाही. ऱ्होड्स २२ वर्षांचा होता, त्याने भरपूर गोल केले आणि पुढे तो विकताही आला. त्याच उन्हाळ्यात ३५ वर्षांचा डॅनी मर्फी आणि ३६ वर्षांचा नुनो गोमेस आले. दोघेही एके काळचे मोठे खेळाडू, पण या वयाच्या खेळाडूला दिलेला पगार पूर्ण खर्चच असतो. पुढे विकून त्यातला एक पौंडही परत येत नाही.

२०१२-१३ च्या त्या एका हंगामात मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत हंगामी धरून पाच माणसं बसून उठली. त्यातले हेनिंग बर्ग हे १९९५ च्या विजेत्या संघातले. ५७ दिवसांत त्यांना काढलं. करार तीन वर्षांचा होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि क्लबला २२.५ लाख पौंड मोजावे लागले. भागाकार करून पाहिला तर दिवसाला जवळपास ४० हजार पौंड पडतात. त्यांच्यानंतर आलेले मायकल ॲपलटन ६७ दिवस टिकले.

यानंतर नियमांनी पकडलं. चॅम्पियनशिपमध्ये वर्षाला किती तोटा चालेल याची मर्यादा ठरली होती. २०१३-१४ साठी ती ८० लाख पौंड होती, आणि ब्लॅकबर्नचा त्या वर्षीचा तोटा ४ कोटींच्या वर गेला. डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू खरेदीवर बंदी आली आणि ती वर्षभर राहिली. बंदीच्या काळात टॉम केअर्नी आणि रूडी गेस्टेड हे खेळाडू गेले. ती उठल्यावर दोन महिन्यांत ऱ्होड्सही गेला. पॅराशूटचा पैसाही त्याच सुमारास संपला. आता ना पैसा होता ना गोल करणारा. मे २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला हरवूनही, गुण सारखे असताना गोलफरकाने (केलेले आणि खाल्लेले गोल यांतल्या फरकाने) ब्लॅकबर्न तिसऱ्या विभागात घसरला. प्रीमियर लीग जिंकून नंतर तिथवर घसरलेला तो पहिला क्लब ठरला.

पुण्याचा दरमहा हप्ता

इथवर वाचून मालकांवर राग येणं साहजिक आहे. मलाही येतो. पण हिशोबाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती फार कमी लिहिली जाते.

एका सामान्य वर्षाचा ढोबळ हिशोब मांडतो. ईवुड पार्कमध्ये ३१ हजारांवर खुर्च्या आहेत. समजा त्यातल्या १५ हजार भरल्या आणि हंगामी पास, मुलांच्या सवलती धरून माणशी सरासरी १५ पौंड मिळाले. घरच्या मैदानावर लीगचे २३ सामने. एकूण ५२ लाख पौंडांच्या आत-बाहेर. त्यात चॅम्पियनशिपचा टीव्हीचा वाटा, शर्टावरची जाहिरात, दुकान, खानपान धरलं की कसेबसे २ कोटींच्या आसपास पोचतो. संघाचा पगारच याच्या वर जातो. पोलीस, वीज, प्रवास, अकादमी हे सगळं नंतर.

हे दुखणं एकट्या ब्लॅकबर्नचं नाही. २०१८-१९ मध्ये चॅम्पियनशिपच्या सगळ्या क्लबांचा मिळून पगार उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. दुसऱ्या वर्षी, करोनाच्या तडाख्यात, १२० टक्के. अख्खा विभागच पगारापोटी उत्पन्नाहून जास्त देतो, कारण वर चढलेल्या संघाला वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. चोवीस जण त्या आशेवर खर्च करतात आणि वर जातात तीन. एखाद्याने शहाणपणाने हात आखडता घेतला तर उरलेले तेवीस त्याला मागे टाकतात.

मग दरवर्षीची तूट भरतो कोण? मालक. वेंकीजकडून ब्लॅकबर्नला वर्षाला साधारण २ कोटी पौंड जात राहिले, महिन्याला सोळा-सतरा लाख. आधी बिनव्याजी कर्ज म्हणून, आणि त्यातलं बरंचसं पुढे भागभांडवलात बदलून. एकूण आकडा २० कोटी पौंडांच्या पुढे कधीच गेला. क्लब घेतला २.३ कोटींना, आणि चालवायला त्याच्या आठ-नऊ पट लागले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही आपली म्हण या हिशोबाला कमी पडते.

या हप्त्याचं मोल कळायला ब्लॅकबर्नपासून तासाभराच्या अंतरावर जावं लागतं. तिथल्या बरी या शहराचा क्लबही जुना, १८८५ चा, एफए कप ही देशातली मोठी बाद पद्धतीची स्पर्धा दोनदा जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. नव्या मालकाला तूट भरता आली नाही, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लब लीगमधून बाहेर काढला गेला. त्या वसंतात खेळाडूंनी पगार थकलेले असतानाही संघ वरच्या विभागात चढवला होता! तरीही काही वाचलं नाही. ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांनी वेंकीजला कितीही नावं ठेवली तरी त्यांच्या क्लबच्या दाराला कुलूप लागलं नाही, कारण पुण्याहून पैसे येत राहिले. तिसऱ्या विभागातून टोनी मॉब्रेंच्या हाताखाली संघ एका वर्षात परत चढला, तोही याच पैशावर.

वॉकरांच्या काळात आणि आता, शहर तेच आहे, तूटही तीच आहे. फरक इतकाच की वॉकर स्टँडमध्ये बसलेले दिसायचे, आणि आताचे मालक मैदानावर क्वचितच दिसतात. पैसा येतो, माणूस येत नाही. मालकाचा उद्देश काय, अजून किती वर्षं, हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही. एवढा पैसा घालूनही कृतज्ञता वाट्याला येत नाही याचं मला वाटतं हेच कारण आहे.

एकाच नळावर भरलेलं घर

एकाच माणसाच्या खिशावर क्लब चालवण्यातला धोका २०२३ मध्ये समोर आला, आणि तो कुणाच्या कल्पनेत नव्हता अशा बाजूने आला. मालकांची पैसे देण्याची तयारी होती, पण पैसे निघेनात. परदेशात पाठवलेल्या रकमांबाबत भारतात चौकशी सुरू होती. तिच्या गुणदोषांत मी जात नाही. परिणाम असा झाला की ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली आणि सोबत बँक हमीही. लँकेशायरमधल्या क्लबच्या रोकडीचं वेळापत्रक दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेवर अवलंबून राहिलं.

वेळ किती वाईट होती पाहा. मे २०२३ मध्ये ब्लॅकबर्न सातवा आला. वरच्या विभागातली शेवटची जागा ठरवणाऱ्या प्लेऑफ सामन्यांसाठी सहाव्या क्रमांकापर्यंतच जागा होती, आणि सहाव्या सुंदरलँडचे गुणही तितकेच, ६९. पुन्हा गोलफरक आडवा आला. त्याच हंगामाअखेर आघाडीचा खेळाडू बेन ब्रेरटन डियाझ करार संपल्यामुळे फुकट निघून गेला. आता एक-दोन चांगले खेळाडू घ्यायचे, तर खर्चाला कात्री लागली. पुढच्या मे महिन्यात संघ एकोणिसावा, शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवून वाचला.

तुटीला पैसा नसेल तर विकायला काय उरतं? अकादमी. ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नचाच मुलगा, सहाव्या वर्षी क्लबमध्ये आला. २०२४ च्या सुरुवातीला प्रीमियर लीगमधल्या क्रिस्टल पॅलेसने त्याला १.८ कोटी पौंड आणि वर काही अटींवरची रक्कम देऊन नेलं. हिशोबात अशा विक्रीचं महत्त्व मोठं असतं. बाहेरून आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून दरवर्षी खर्ची टाकतात, यंत्राचा घसारा धरतात तशी, आणि विकताना उरलेली किंमत वजा होते. घरच्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे आलेली सगळी रक्कम नफा. तोट्याच्या मर्यादेत बसायला याहून सोपा उपाय नाही. म्हणूनच आजचे नियम क्लबांना आपलीच पोरं विकायला लावतात, असं माझं स्पष्ट मत आहे. चार महिन्यांत व्हार्टन इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता.

मे २०२५ मध्ये त्याने पॅलेसकडून एफए कप जिंकला. त्याच महिन्यात ब्लॅकबर्नने आपला महिला संघ देशाच्या दुसऱ्या विभागातून मागे घेतला, कारण त्या विभागाने ठरवलेल्या किमान सोयींचा खर्च करायचा नव्हता. एला टून, जॉर्जिया स्टॅनवे, किरा वॉल्श या इंग्लंडच्या युरोविजेत्या खेळाडू याच क्लबातून पुढे गेल्या आहेत. तोट्याची मर्यादा मोजताना महिला फुटबॉलवरचा खर्च धरतच नाहीत. म्हणजे नियमाने हात बांधले नव्हते. वीस कोटी घातलेल्या ताळेबंदात तो खर्च अगदी किरकोळ होता, आणि तोच वाचवावासा वाटला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

व्हार्टनचा हिशोब मी पुन्हा एकदा करून पाहिला. सहा वर्षांचा असल्यापासून जवळजवळ चौदा वर्षं क्लबने त्याला वाढवलं. वर्षाची तूट २ कोटी पौंड, त्याचे आले १.८ कोटी. ते अकरा महिनेही पुरत नाहीत.